ब्रिटनचे वेगळे निघणे आणि आयर्लंडची शीव

एकत्र कुटुंबातून वेगळे निघण्याचा निर्णय एका सांजेच्या भांडणात होऊ शकतो. वाटणी पुरी व्हायला मात्र वर्षे लागतात. भांडीकुंडी मोजता येतात, वाडीचे तुकडे पाडता येतात, नवे बांध घालता येतात. अडते ते सामाईक विहिरीपाशी. पाणी दोन्ही घरांना हवे असते आणि विहीर काही कापता येत नाही. २३ जून २०१६ रोजी ब्रिटिश मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि ब्रिटन प्रत्यक्ष बाहेर पडले ते ३१ जानेवारी २०२० च्या रात्री. मधल्या तीन वर्षे सात महिन्यांच्या काळात दोन पंतप्रधानांना पायउतार व्हावे लागले, दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या, आणि संसदांची माता म्हणून जिचा गौरव केला जातो त्या पार्लमेंटला आपल्याला नेमके काय हवे आहे, हे शेवटपर्यंत सांगता आले नाही.

हा इतिहास आपल्यापासून फार दूरचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु या साऱ्या गुंत्याची मुख्य गाठ बसली ती आयर्लंडमध्ये, जेथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांनी तीन दशके एकमेकांचे रक्त सांडले होते. आणि ती गाठ सैल करणाऱ्या दोघांपैकी एकाचे आडनाव मालवण तालुक्यातील एका गावावरून आलेले आहे. शिवाय या कोंडीत ज्यांचे संसार टांगणीला लागले त्यांत आपले गोमंतकीय बांधवही होते. म्हणून ही हकिगत नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

घरात उशिरा आलेला भाऊ

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनी ९ मे १९५० रोजी एक साधी पण दूरदर्शी योजना मांडली. तोफा ज्यापासून बनतात ते पोलाद आणि भट्ट्या ज्यावर चालतात तो कोळसा, या दोहोंचा कारभारच फ्रान्स आणि जर्मनीने एकत्र करावा, म्हणजे एकाला दुसऱ्याविरुद्ध गुपचूप शस्त्रसज्ज होता येणार नाही. पश्चिम जर्मनीचे आदेनौर आणि इटलीचे दे गास्पेरी यांनी या कल्पनेला साथ दिली. १९५१ साली सहा देशांचा कोळसा-पोलाद समुदाय आणि १९५७ च्या रोम करारान्वये युरोपीय आर्थिक समुदाय अस्तित्वात आला. व्यापार हे साधन होते. मूळ हेतू शांततेचा होता.

ब्रिटन या आरंभापासून अलिप्त राहिले. साम्राज्याच्या आठवणी ताज्या होत्या आणि राष्ट्रकुलातील व्यापारावर भिस्त होती. पुढे १९६१ मध्ये पंतप्रधान मॅक्मिलन यांनी प्रवेशासाठी अर्ज केला, तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ मध्ये दार लावून घेतले. १९६७ मध्ये त्यांनी दुसऱ्यांदा नकार दिला. अखेर एडवर्ड हीथ पंतप्रधान असताना १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटनला प्रवेश मिळाला. त्याच दिवशी आयर्लंड आणि डेन्मार्क हेही सभासद झाले. आयर्लंड आणि ब्रिटन एकाच दिवशी या घरात आले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

दोनच वर्षांनी, ५ जून १९७५ रोजी, सभासदत्व ठेवावे की नाही यावर ब्रिटनमध्ये सार्वमत झाले. त्या वेळी या प्रश्नावर दुभंगलेला होता तो मजूर पक्ष. हुजूर पक्षाच्या नव्या नेत्या मार्गारेट थॅचर यांनी सभासदत्वाच्या बाजूने प्रचार केला होता. सदुसष्ट टक्के मतदारांनी राहण्याचा कौल दिला. पुढच्या दोन दशकांत पारडे फिरले. एकसंध बाजारपेठेची आखणी थॅचरबाईंनीच नेमलेल्या ब्रिटिश आयुक्तांनी, लॉर्ड कॉकफील्ड यांनी केली; पण मास्ट्रिख्ट करारानंतर युरोपची वाटचाल राजकीय ऐक्याकडे होऊ लागली, तसा हुजूर पक्षातच विरोधाचा सूर चढत गेला. युरो हे चलन ब्रिटनने घेतले नाही आणि पारपत्राविना प्रवासाच्या व्यवस्थेतही ते सामील झाले नाही.

व्यापाराच्या प्रश्नावर हुजूर पक्ष फुटण्याची ही पहिली वेळ नव्हती. १८४६ मध्ये, आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला असताना, पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी परदेशी धान्यावरील जकातीचे कायदे रद्द केले आणि त्यांचा पक्ष दुभंगला. १९०३ मध्ये जोसेफ चेंबरलेन यांनी साम्राज्याभोवती जकातीची भिंत घालण्याचा पुरस्कार करीत मंत्रिपद सोडले आणि १९०६ च्या निवडणुकीत त्या पक्षाची वाताहत झाली. व्यापाराचा प्रश्न ब्रिटनमध्ये नेहमीच ‘आपण कोण’ या प्रश्नाच्या पोटात शिरत आलेला आहे.

एक शब्द, अनेक अर्थ

पक्षातील हे भांडण कायमचे मिटवावे म्हणून पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी जानेवारी २०१३ मध्ये सार्वमताचे आश्वासन दिले, आणि २०१५ मध्ये स्वबळावर बहुमत मिळाल्यावर ते पाळणे त्यांना भाग पडले. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतरची काटकसर, २००४ नंतर पूर्व युरोपातून आलेले कामगार, उद्योग बंद पडलेल्या गावांतील उपेक्षेची भावना आणि आपले कायदे आपणच करावेत ही इच्छा, असे अनेक प्रवाह त्या मतदानात येऊन मिळाले. प्रचार कडवट होता. मतदानाला आठवडा उरला असताना, १६ जून २०१६ रोजी, सभासदत्वाच्या बाजूने काम करणाऱ्या तरुण खासदार जो कॉक्स यांची एका अतिरेकी राष्ट्रवाद्याने हत्या केली.

निकाल लागला तो असा : बाहेर पडण्याच्या बाजूने १ कोटी ७४ लाखांहून अधिक, म्हणजे ५१.९ टक्के मते. राहण्याच्या बाजूने १ कोटी ६१ लाखांहून अधिक, म्हणजे ४८.१ टक्के. इंग्लंड आणि वेल्स यांनी बाहेरची वाट धरली. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये सुमारे ५६ टक्के मतदार राहण्याच्या बाजूचे होते. दुसऱ्याच दिवशी कॅमेरून यांनी राजीनामा जाहीर केला.

मतपत्रिकेवर पर्याय दोनच होते : राहणे किंवा सोडणे. राहण्याचा अर्थ सर्वांना ठाऊक होता. सोडण्याचे मात्र अनेक प्रकार होते आणि त्यांतला कोणता, हे मतपत्रिकेने विचारलेच नव्हते. नॉर्वे संघाचा सभासद नाही; तरीही तो एकसंध बाजारपेठेत आहे, तिचे नियम पाळतो आणि युरोपीय नागरिकांना मुक्त प्रवेश देतो. तुर्कस्तान बाजारपेठेत नाही, पण औद्योगिक मालापुरता सीमाशुल्क संघात आहे, म्हणून बाहेरच्या मालावर युरोपचीच जकात आकारतो. कॅनडाचा संबंध केवळ व्यापार करारापुरता. याखेरीज कोणताही करार न करता उठून जाण्याचा मार्गही होता. पावणेदोन कोटी मतांना जेथे चार वाटा दिसत होत्या, तेथे ‘जनतेची इच्छा’ या शब्दांवर प्रत्येक गट आपापला हक्क सांगू लागला.

सामाईक विहीर

नव्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी एकसंध बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ दोन्ही सोडण्याचे जाहीर केले आणि २९ मार्च २०१७ रोजी संघाला रीतसर नोटीस दिली. दोन वर्षांची मुदत सुरू झाली. हात बळकट व्हावेत म्हणून जून २०१७ मध्ये त्यांनी मुदतपूर्व निवडणूक घेतली आणि होते ते बहुमतही गमावले. आता त्यांचे सरकार उत्तर आयर्लंडमधील डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या दहा खासदारांच्या आधारावर उभे राहिले. आणि तेथेच आयर्लंडची शीव आडवी आली.

उत्तर आयर्लंड आणि आयर्लंडचे प्रजासत्ताक यांमधील सीमा सुमारे पाचशे किलोमीटर लांबीची आहे आणि ती ओलांडणारे रस्ते दोनशेहून अधिक आहेत. १९२१ च्या फाळणीने आखलेली ही रेषा शेतांमधून, ओढ्यांवरून, कोठे कोठे एकाच कुटुंबाच्या जमिनीतून जाते. साठीच्या दशकाच्या अखेरीपासून पुढची तीस वर्षे तेथे लष्कराचे टेहळणीचे मनोरे आणि तपासणी नाकी होती. आयर्लंडशी जोडून घेऊ पाहणारे, बहुतांशी कॅथलिक राष्ट्रवादी, आणि ब्रिटनशी निष्ठा सांगणारे, बहुतांशी प्रोटेस्टंट युनियनिस्ट, यांच्या संघर्षात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली.

१० एप्रिल १९९८ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, बेलफास्ट येथे करार झाला आणि त्या दिवसाचेच नाव त्याला पडले. त्यामागे ज्यांचे मोठे श्रम होते ते जॉन हय़ूम हे एके काळी मेनूथच्या सेमिनरीत शिकलेले कॅथलिक शिक्षक, आणि युरोपीय संसदेचे पंचवीस वर्षे सभासद. फ्रान्समधील स्ट्रासबर्गहून ऱ्हाईन नदीवरचा पूल चालत ओलांडून जर्मनीत जाताना, हे दोन देश असे शेजारी होऊ शकतात तर आपण का नाही, हा विचार आपल्या मनात आल्याचे त्यांनी सांगितले आहे. १९९८ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना युनियनिस्ट नेते डेव्हिड ट्रिंबल यांच्यासमवेत मिळाले. करारानंतर मनोरे उतरले, नाकी गेली. जकातीची नाकी तर १९९३ मध्ये एकसंध बाजारपेठ आली तेव्हाच उठली होती. उत्तरेचे दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेत जाऊ लागले आणि सीमा कोठे ओलांडली, हे केवळ रस्त्यावरच्या पाट्यांवरून कळू लागले.

आता ब्रिटन बाजारपेठ सोडणार, म्हणजे दोन निरनिराळ्या जकाती आणि निरनिराळे नियम या रेषेवर समोरासमोर येणार. मग माल तपासायचा कोठे? ब्रिटनच्या सरकारने तीन वचने एकदम दिली होती : बाजारपेठ व सीमाशुल्क संघ सोडू, आयर्लंडच्या सीमेवर नाके येऊ देणार नाही, आणि उत्तर आयर्लंड व उर्वरित ब्रिटन यांमध्येही भेद करणार नाही. यांतील कोणतीही दोन वचने पाळता येत होती. तिन्ही मिळून पाळणे अशक्य होते. पुढच्या साऱ्या कोंडीचे मूळ एवढेच आहे. मे यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये जो करार आणला त्यात ‘बॅकस्टॉप’ नावाची राखीव तजवीज होती : दुसरा उपाय सापडेपर्यंत सारे ब्रिटनच युरोपशी एका सीमाशुल्क क्षेत्रात राहील. म्हणजे त्यांनी पहिले वचन थोडे सैल केले. त्यांच्या पक्षातील कडव्यांना हेच सहन झाले नाही.

बहुमत फक्त नकाराचे

१५ जानेवारी २०१९ रोजी कॉमन्स सभागृहाने हा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. आधुनिक काळात कोणत्याही ब्रिटिश सरकारचा एवढ्या मोठ्या फरकाने पराभव झालेला नव्हता. तरीही दुसऱ्या दिवशी अविश्वासाचा ठराव आला तेव्हा हेच सरकार ३२५ विरुद्ध ३०६ मतांनी तरले. १२ मार्चला करार पुन्हा आला आणि ३९१ विरुद्ध २४२ मतांनी पडला. दुसऱ्याच दिवशी करारावाचून बाहेर पडण्यासही सभागृहाने नकार दिला. सभापती जॉन बर्को यांनी १६०४ सालापासूनचा दाखला काढून तोच ठराव त्याच अधिवेशनात पुनःपुन्हा आणता येणार नाही, अशी ताकीद दिली. २९ मार्च हा खरे तर बाहेर पडण्याचा ठरलेला दिवस. त्या दिवशी ब्रिटन बाहेर पडले नाही, करार मात्र तिसऱ्यांदा ३४४ विरुद्ध २८६ मतांनी पडला.

दरम्यान खासदारांनी कामकाजाची सूत्रे स्वतःकडे घेऊन, आपल्याला काय चालेल हे अजमावून पाहिले. २७ मार्चला आठ पर्याय मांडले गेले. एकालाही बहुमत मिळाले नाही. १ एप्रिलला चार मांडले. तेही सर्व पडले. सीमाशुल्क संघात राहण्याचा पर्याय २७६ विरुद्ध २७३, म्हणजे अवघ्या तीन मतांनी हुकला.

शहाण्यासुरत्या साडेसहाशे लोकप्रतिनिधींचे असे का व्हावे? त्यांना केवळ हट्टी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण बारकाईने पाहता असे दिसते की, मधला मार्ग पाडण्यासाठी दोन परस्परविरोधी आशा एकत्र मतदान करीत होत्या. कडव्यांना वाटे, करार पडत राहिला तर मुदत संपून आपण आपोआप पूर्ण बाहेर पडू. युरोपवाद्यांना वाटे, करार पडत राहिला तर सार्वमत पुन्हा घ्यावे लागेल आणि आपण राहू. मजूर पक्षाच्या नेतृत्वाला वाटे, सरकार कोसळून निवडणूक होईल. प्रत्येकाला काळ आपल्या बाजूचा आहे असे वाटत होते. ज्याला पूर्ण विजयाची आशा आहे तो तडजोडीला हात का लावील?

या सभागृहात गोव्याशी नाते सांगणारी माणसे दोन्ही बाकांवर होती, हेही नोंदवण्याजोगे आहे. केनियातून आलेल्या गोमंतकीय पित्याची कन्या सुएला ब्रेव्हरमन यांनी करारातील तरतुदी न पटल्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये उपमंत्रिपद सोडले आणि तिन्ही वेळा कराराविरुद्ध मत दिले. समोरच्या बाकांवर मजूर पक्षाच्या वतीने सभागृहाच्या कामकाजाची बाजू सांभाळीत होत्या त्या व्हॅलेरी वाझ, याही गोमंतकीय घराण्यातल्याच.

लोकांचा वीट

बाहेर जनतेची सहनशक्ती संपत आली होती. राहण्याच्या बाजूचे लाखो लोक लंडनच्या रस्त्यांवर उतरले. निर्णय रद्द करा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर साठ लाखांहून अधिक सह्या पडल्या. सोडण्याच्या बाजूचे लोक विचारीत होते की, आमच्या मताला किंमत आहे की नाही? करार न झाल्यास बंदरांत कोंडी होईल म्हणून औषधांचे साठे करण्यात आले. ज्या कंपनीकडे स्वतःचे एकही जहाज नव्हते तिला फेरीबोटींचे कंत्राट दिले गेले आणि बोभाटा झाल्यावर ते काढून घ्यावे लागले. मे २०१९ मध्ये तर, जे घर सोडायचे होते त्याच घराच्या संसदेसाठी ब्रिटिशांना प्रतिनिधी निवडावे लागले, आणि पहिला क्रमांक मिळाला तो जेमतेम काही महिन्यांपूर्वी स्थापन झालेल्या ब्रेक्झिट पक्षाला. दुसऱ्या दिवशी, २४ मे रोजी, थेरेसा मे यांनी राजीनाम्याची घोषणा केली, तेव्हा निकाल जाहीर व्हायचे होते. पण वारा कोणीकडे वाहतो हे सर्वांना कळून चुकले होते.

या गदारोळात ज्यांना मतच नव्हते त्यांची चिंता फारशी कोणी केली नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या कायद्याने नागरिकत्व घेता येते. अनेक गोमंतकीय कुटुंबांनी भारतीय नागरिकत्वाचा त्याग करून हे पारपत्र घेतले ते लिस्बनला जाण्यासाठी नव्हे, तर ब्रिटनमध्ये कामधंदा करण्यासाठी. स्विंडनसारख्या गावात त्यांची मोठी वसती झाली. ते गाव स्वतः बाहेर पडण्याच्या बाजूने गेले. युरोपचे नागरिक म्हणून आलेल्या या लोकांना सार्वमतात मत नव्हते आणि आपले पुढे काय, हे कळायला दीर्घकाळ वाट पाहावी लागली. अखेर २०२० संपण्यापूर्वी ब्रिटनमध्ये राहत असलेल्यांना अर्ज करून राहण्याचा हक्क टिकवता आला. त्यानंतर येऊ पाहणाऱ्या पोर्तुगीज पारपत्रधारकांना मात्र व्हिसा लागू झाला. एका घरातला थोरला भाऊ तेथे आणि धाकट्याची वाट बंद, असे अनेकांचे झाले.

गाठ सैल झाली ती कशी

जुलै २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले. ३१ ऑक्टोबरला काहीही झाले तरी बाहेर पडू, असे त्यांनी जाहीर केले आणि पार्लमेंट पाच आठवडे स्थगित केले. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने ती स्थगिती बेकायदा ठरवली. आपल्याच पक्षाच्या एकवीस खासदारांना त्यांनी विरोधात मत दिल्याबद्दल दूर केले. त्यांत विन्स्टन चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स हेही होते. ३१ ऑक्टोबरची तारीख घालून पाडलेली पन्नास पेन्सांची नाणी, तो दिवस टळल्यामुळे, वितळवावी लागली.

या कोंडीला पहिली फट पडली ती १० ऑक्टोबर २०१९ रोजी. इंग्लंडच्या वायव्येस विरल येथील एका हॉटेलात जॉन्सन आणि आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर यांची भेट झाली. वराडकर यांचे वडील डॉक्टर, मूळचे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वराड गावचे; आई आयरिश परिचारिका. त्या भेटीनंतर तडजोड दिसू लागली आणि आठवड्यात नवा करार झाला. जॉन्सन यांनी तीन वचनांपैकी तिसरे सोडून दिले : उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत युरोपचे नियम पाळील आणि तपासणी होईल ती उत्तर आयर्लंड व ब्रिटन यांमधील समुद्रावर, बंदरांत. जमिनीवरची शीव मोकळी राहिली. ज्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाने बाहेर पडण्याचा पुरस्कार केला आणि मे यांचा करार पाडण्यास हातभार लावला, त्याच्याच पदरी ही समुद्रातली रेषा आली.

‘एकदाचे उरका’ हेच जॉन्सन यांच्या प्रचाराचे सूत्र होते. १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत थकलेल्या जनतेने त्यांना ३६५ जागा दिल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस वराडकर आपल्या वडिलांच्या गावी येऊन गेले. आणि ३१ जानेवारी २०२० रोजी रात्री अकरा वाजता ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले.

हिशेब

पुढील व्यापार करार २४ डिसेंबर २०२० रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी झाला. त्याने जकात टळली, कागदपत्रे आणि तपासण्या मात्र वाढल्या. दीर्घकाळात देशाची उत्पादकता, संघात राहिल्यास झाली असती त्यापेक्षा सुमारे चार टक्क्यांनी कमी राहील, असा तेथील अधिकृत अंदाजपत्रकीय संस्थेचा अंदाज आहे. स्वतंत्र व्यापार धोरणाचा हक्क ब्रिटनला मिळाला आणि जुलै २०२५ मध्ये भारताशी व्यापार करार करून त्याने तो वापरलाही. स्थलांतर मात्र घटण्याऐवजी पुढील काही वर्षांत युरोपबाहेरून अधिकच वाढले.

उत्तर आयर्लंडने किंमत वेगळ्या रीतीने दिली. समुद्रातील रेषेच्या निषेधार्थ युनियनिस्ट पक्षाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील संयुक्त मंत्रिमंडळ सोडले आणि दोन वर्षे प्रांताला सरकार राहिले नाही. २०२३ च्या विंडसर समझोत्याने तपासण्या बऱ्याच सौम्य झाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळ पुन्हा आले, तेव्हा प्रथमच एक कॅथलिक राष्ट्रवादी स्त्री, मिशेल ओनील, प्रांताच्या प्रथम मंत्री झाल्या. पाचशे किलोमीटरच्या त्या शिवेवर आजही नाके नाही.

या इतिहासातून ‘सार्वमत वाईट’ किंवा ‘युरोप चांगला’ असा सोपा निष्कर्ष काढणे उचित होणार नाही. बाहेर पडण्याचा हक्क ब्रिटिशांना होता आणि त्यांनी तो बजावला. उणीव राहिली ती प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत. जाण्याविषयी विचारले, कोठे जायचे आणि त्यासाठी काय सोडायचे, हे विचारले नाही. मग ते ठरवण्याचे काम ज्यांच्यावर पडले त्यांनी एकमेकांना छेद देणारी वचने देऊन ठेवली होती, आणि यांतले एक मोडावे लागेल, हे लोकांना वेळेवर सांगण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखवले. आपल्या ग्रामसभेत, सहकारी सोसायटीत वा धर्मग्रामाच्या सभेत हात वर करून निर्णय घेताना आपणही हे आठवावे. बहुमत मोजणे सोपे असते. त्या बहुमताने कोणाच्या दारातली वाट बंद होणार आहे, हे मतदानापूर्वी विचारणे कठीण असते. आणि ते विचारले नाही, तर नंतरची वर्षे त्याच हिशेबात जातात.